भयपटाचं मेकिंग: वर्कशॉपपासून फोलीपर्यंत कधी, कुठे आणि कसं शूट करायचं

भयपटाच्या मेकिंगमध्ये, म्हणजे तो चित्रपट कसा घडला हे दाखवणाऱ्या माहितीपटात, सर्वांत मोठी चूक पहिल्याच दिवशी होते. मेकिंगचा कॅमेरा सेटवर पोहोचतो तेव्हा निम्मं काम होऊन गेलेलं असतं. पडद्यावर चार सेकंद दिसणारी जखम वर्कशॉपमध्ये कित्येक आठवडे घडत असते, सेटवर ती एका टेकमध्ये संपते आणि शूटिंग आटोपल्यावर साउंड स्टुडिओत तिला आवाज मिळतो. सेटवर जे मिळतं तो या प्रवासाचा फक्त मधला तुकडा असतो. म्हणून मेकिंगचं वेळापत्रक शूटिंगच्या तारखांवर आखू नका, इफेक्टच्या तारखांवर आखा.

त्यासाठी आधी पटकथा हातात घ्या आणि प्रत्येक इफेक्टसमोर चार रकाने करा: वर्कशॉपमध्ये कधी सुरू होणार, टेस्ट कधी, शूट कधी, फोली (स्टुडिओत वस्तू वापरून दृश्याला आवाज देणं) आणि मिक्सिंग कधी. पटकथेत तीस इफेक्ट असले तरी तीसच्या तीस मागे धावायचं नाही. अर्ध्या तासाच्या माहितीपटाला तीन, फार तर चार पुरतात. निवडताना एक हाताने घडवलेला घ्या, एक प्रकाश आणि कॅमेऱ्याच्या जागेवर उभा असलेला घ्या, आणि एक केवळ आवाजाने भीती निर्माण करणारा. उरलेल्यांचं जमेल तेवढं शूट करून ठेवा, पण जीव या तीन-चारांत ओता. एका दृश्यात किती ऐवज असतो याचा अंदाज हवा असेल तर २०१७चा '७८/५२' हा माहितीपट बघा. 'सायको'मधल्या शॉवरच्या एकाच प्रसंगावर तो पूर्ण लांबीचा चित्रपट उभा आहे. त्याच्या नावातला पहिला आकडा त्या प्रसंगासाठी लावलेल्या कॅमेरा सेटअपचा, दुसरा कट्सचा.

परवानगी: तोंडी नको

निर्मात्याकडून लेखी घ्यायच्या गोष्टी अशा. चित्रित साहित्याची मालकी कुणाची, अंतिम कट कोण मंजूर करणार, चित्रपटातले किती मिनिटांचे तुकडे वापरता येतील, आणि कोणत्या तारखेआधी एकही फ्रेम बाहेर जाणार नाही. शेवटचा मुद्दा भयपटात फार नाजूक असतो. राक्षसाचा चेहरा प्रदर्शनाआधी फुटला तर चित्रपटाचा श्वासच गेला. त्यामुळे मेकिंगच्या टीममधल्या प्रत्येकाने गोपनीयतेच्या करारावर सही करायची, हार्ड डिस्क एन्क्रिप्ट करायच्या, आणि सेटवर स्वतःच्या मोबाइलने एकही फोटो काढायचा नाही.

कलाकारांची संमती मात्र वेगळी घ्या. चित्रपटाच्या करारात मेकिंगचा उल्लेख असला तरी मेकअपच्या खुर्चीत, अर्धवट कपड्यांत किंवा रडण्याच्या प्रसंगानंतर कॅमेरा चालेल का, हे त्या-त्या माणसालाच विचारायचं. बालकलाकार असेल तर पालक समोर असल्याशिवाय कॅमेरा सुरू करायचा नाही. मुलाला प्लेबॅक, म्हणजे नुकताच घेतलेला शॉट, दाखवू नका, रक्ताची बाटली 'बघ कसली भारी' म्हणून पुढे करू नका. भयपटाच्या सेटवर मुलांना अनेकदा प्रसंगाची पूर्ण कल्पना मुद्दामच दिलेली नसते, आणि मेकिंगवाल्याच्या एका वाक्याने ती सगळी काळजी वाया जाते.

टीम आणि सामान

सेटवर दोन माणसं, एक कॅमेऱ्यावर आणि एक आवाजावर. तिसरा माणूस लागलाच तर डेटा सांभाळायला, तोही सेटच्या बाहेर. व्हिव्हियन कुब्रिकने सतराव्या वर्षी 'द शायनिंग'च्या सेटवर मेकिंग शूट केलं. १९८० साली दाखवला गेलेला तो माहितीपट सुमारे अर्ध्या तासाचा, पण माणसं त्यात कॅमेरा विसरून वावरतात. ती दिग्दर्शकाची मुलगी होती, हे खरं. पण छोटा कॅमेरा, कमी माणसं आणि रोजची हजेरी हे तिन्ही तुम्हाला जमण्यासारखं आहे.

कॅमेरा अंधारात चांगला चालणारा आणि आवाज न करणारा हवा. २४-७० मिमीची f/२.८ झूम आणि ३५ मिमीची f/१.८ किंवा त्याहून उघडी प्राइम (झूम न होणारी), एवढ्या दोन लेन्सवर नव्वद टक्के काम होतं. स्वतःचा लाइट सेटवर लावायचा नाही. भयपटात डीओपीने, म्हणजे मुख्य छायाचित्रकाराने, एकेक कोपरा मोजून काळा ठेवलेला असतो. तुमच्या छोट्याशा एलईडीने त्याची सावली पुसली जाते आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला दाराबाहेर उभं राहावं लागतं. काळे कपडे, मऊ तळव्यांचे बूट. कॅमेऱ्याची रेकॉर्डिंगची लाल खूण काळ्या टेपने झाका, फोकससाठी लागणारा मदतीचा दिवा बंद करा, बीप बंद करा, स्क्रीनचा उजेड सर्वांत कमी ठेवा. हे सगळं आदल्या रात्री एकदा अंधाऱ्या खोलीत कॅमेरा सुरू करून तपासा. दिवसा न दिसणारा एखादा हिरवा ठिपका तिथेच सापडतो.

फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) चित्रपटाचाच ठेवा, २४ असेल तर २४. नाहीतर एडिटिंगमध्ये चित्रपटाचे तुकडे आणि मेकिंग शेजारी आले की हालचाल अडखळते. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे शटर १/५०, ६० हर्ट्झची असेल तिथे १/६०, म्हणजे वर्कशॉपमधल्या ट्यूबलाइटचा फडफडाट येत नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. निळ्या-हिरव्या प्रकाशात ऑटो बॅलन्स सगळं 'दुरुस्त' करतो आणि स्मशानाचा सेट दवाखान्यासारखा दिसायला लागतो. डीओपीच्या सहायकाला कॅमेऱ्याचं केल्विन (व्हाइट बॅलन्सचा आकडा) विचारा आणि तेच लावा. एक्स्पोजर ठरवताना काळं काळंच राहू द्या. आयएसओ वाढवून अंधार उजळलात तर नॉइज येतोच, शिवाय जो अंधार घडवायला लोक राबतायत तोच तुमच्या चित्रात उरत नाही.

वायरलेस माइकची फ्रीक्वेन्सी सेटच्या साउंड रेकॉर्डिस्टला विचारूनच लावा. २.४ गिगाहर्ट्झचे माइक असतील तर आणखी एका माणसाला विचारायचं: अ‍ॅनिमॅट्रॉनिक, म्हणजे आतल्या मोटरींनी हलणाऱ्या, बाहुल्या चालवणाऱ्याला. त्यांचे रिमोट बहुतेक याच पट्ट्यात चालतात. टेकच्या मधोमध राक्षसाचा जबडा अडकला तर पहिला संशय तुमच्यावर येईल, आणि तो खराही असू शकतो.

वर्कशॉप: इथे वेळ घालवा

कलाकाराच्या चेहऱ्याचा साचा घेण्याच्या दिवशी, म्हणजे लाइफकास्टला, हजर राहायलाच हवं. तो दिवस परत येत नाही. केसांवर कॅप चढते, भुवयांना व्हॅसलीन लागतं, मग पाण्यात कालवलेलं अल्जिनेट (साचा घेण्याची पावडर) कपाळापासून खाली ओतत आणतात. ते काही मिनिटांतच घट्ट होतं; पाणी कोमट असेल तर आणखी लवकर. त्यामुळे दोन-तीन माणसं न बोलता भराभर हात चालवत असतात, आणि त्यांतल्या एकाची नजर फक्त नाकपुड्यांवर असते. वरून प्लास्टर बँडेजचे थर बसतात, ते घट्ट होताना गरम होतात. या सगळ्या वेळात कलाकाराला दिसत नाही, बोलता येत नाही, ऐकूही कमी येतं. तो फक्त हाताच्या खुणांनी सांगतो: अंगठा वर म्हणजे ठीक, हात हलवला म्हणजे काढा.

तुमचा शॉट तो हात आहे. एक कॅमेरा ट्रायपॉडवर समोरून पूर्ण क्रिया घेत राहू द्या आणि दुसरा खुर्चीच्या दांड्यावरच्या त्या बोटांवर लावा. पांढऱ्या गोळ्यात बुजलेला चेहरा आणि दांड्यावर संथपणे ताल धरणारं एक बोट, यात जे मिळतं ते नंतर दहा मुलाखती घेऊन मिळत नाही. या वेळात कलाकाराशी बोलायचं नाही, हसवायचं तर मुळीच नाही. चेहरा हलला की साचा फाटतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

पुढे मातीत शिल्प, त्यावरून साचा, साच्यात सिलिकॉन. इथे एक गोष्ट स्वतःसाठी लक्षात ठेवा. प्लॅटिनम सिलिकॉनला गंधकाचं वावडं असतं. गंधक असलेल्या मातीवर किंवा लेटेक्सच्या हातमोज्यांनी हाताळलेल्या साच्यात ते ओतलं तर घट्ट होतच नाही, पृष्ठभाग चिकट राहतो. म्हणून वर्कशॉपमध्ये नायट्राइलचे हातमोजे वापरतात. शॉट चांगला यावा म्हणून तुम्ही लेटेक्सचे मोजे घालून साचा जरासा वळवलात तरी कुणाची तीन दिवसांची मेहनत चिकट लगदा होऊ शकते. काही हवं असेल तर त्यांनाच वळवायला सांगा.

आणि साचा खरोखर बिघडला, तर कॅमेरा खाली ठेवू नका. आधी नजरेने परवानगी घ्या, मिळाली तर मागे सरकून वाइड शॉट घ्या. बिघडलेला तुकडा, तो हातात धरून त्याचं कारण शोधणारी माणसं आणि दुसऱ्या दिवशीचा नवा तुकडा या तीन शॉट्समध्ये प्रेक्षकाला कारागिरी कळते. सिलिकॉनचा तुकडा काढताना त्याच्या पातळ कडा फाटतात, म्हणून शूटिंगच्या प्रत्येक दिवसासाठी नवा तुकडा लागतो. टेबलावर ओळीने मांडलेले एकाच जखमेचे बारा तुकडे दिसले तर तो शॉट चुकवू नका.

रक्ताची टेस्टही शूट करा. लाल रंग निळ्या प्रकाशात काळा दिसतो, कारण परत पाठवायला त्या प्रकाशात लाल नसतोच. म्हणून रात्रीच्या निळ्या दृश्यासाठी वेगळं, उजळ रक्त कालवतात आणि दिव्याखाली पुन्हा पुन्हा बघतात. कॉर्न सिरप, खायचा लाल रंग, त्यात थेंबभर निळा किंवा थोडं चॉकलेट सिरप हा पाया सगळीकडे सारखाच. फरक दाटपणात पडतो. एकाच बशीतलं रक्त पांढऱ्या दिव्याखाली आणि निळ्या दिव्याखाली, कट न करता, एका शॉटमध्ये दाखवा. निवेदनाची गरज राहत नाही.

मेकअपचा टाइमलॅप्स

मेकअप तीन तासांचा आहे आणि पडद्यावर तो तीस सेकंदांत दाखवायचा आहे, असं धरू. २५ फ्रेमच्या हिशेबाने ७५० फ्रेम लागतील. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद, भागिले ७५०, म्हणजे १४.४. पंधरा सेकंदांचं अंतर ठेवलं की ७२० फ्रेम मिळतात, २८.८ सेकंद. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. आरशाभोवतीचे दिवे लुकलुकत असतील तर शटर १/५ सेकंदापर्यंत खाली आणा. मेकअप करणाऱ्याचे हात थोडे धूसर होतात, ते उलट छान दिसतं. कॅमेऱ्याला बॅटरीऐवजी मेन्सची वीज द्या. खुर्चीचे पाय जमिनीवर टेपने आखून ठेवा, कारण कलाकार चहाला उठणारच.

पण टाइमलॅप्सवर विसंबू नका. त्यात कष्ट दिसतात, कौशल्य दिसत नाही. सिलिकॉनची कडा त्वचेत विरघळवून नाहीशी करण्याचा क्षण, रंगाचे ठिपके उडवून सिलिकॉनला जिवंत कातडीचा पोत देणं आणि डोळ्यांत लेन्स घालणं ही तिन्ही कामं दुसऱ्या कॅमेऱ्याने, खऱ्या वेगात, जवळून घ्या. आणि दिवसाच्या शेवटी मेकअप उतरवतानाही थांबा. तोवर बाकी सगळे घरी जायच्या घाईत असतात. चेहऱ्याला धरलेला लाल रंग शेव्हिंग फोमने चोळून काढणारे हात आणि राक्षसाच्या आतून हळूहळू बाहेर येणारा थकलेला माणूस, हा शॉट फार थोड्या मेकिंगमध्ये दिसतो.

सेटवरचा एकमेव टेक

रक्त उडण्याचा शॉट बहुधा एकदाच होतो. चुकला तर कपडे बदला, भिंत पुसा, मेकअप दुरुस्त करा, नळी धुवा. तासभर सहज जातो, आणि कपड्यांचे जोड मोजकेच शिवलेले असतात. म्हणून तुमचंही एकदाच होणार, हे धरून चला.

आदल्या संध्याकाळी इफेक्ट टीमबरोबर उभं राहून विचारा: रक्त कुठून कुठे जाणार, किती लांब उडणार, पंप कोण दाबणार, इशारा कोण देणार. मग दोन जागा ठरवा. पहिला कॅमेरा त्या पंपवाल्याच्या हातावर, दुसरा मॉनिटरसमोरच्या दिग्दर्शकावर. मुख्य दृश्य चित्रपटाचा कॅमेरा घेतच असतो. त्याच्या खांद्यावरून तेच पुन्हा घेण्यात काही हशील नाही. तुम्हाला हवी आहे ती 'अ‍ॅक्शन' आणि रक्त यांच्यामधली दोन सेकंदं, पंपावर घट्ट झालेली बोटं. टेकच्या पाच मिनिटं आधी रेकॉर्डिंग सुरू करा आणि 'कट' झाल्यावर दोन मिनिटं बंद करू नका. 'कट' नंतरची ती शांतता, मग कुणीतरी पहिल्यांदा सोडलेला श्वास, मग एकदम टाळ्या किंवा कपाळावर गेलेला हात, मेकिंगचा गाभा तिथेच असतो.

काय बिघडतं, तेही माहीत हवं, म्हणजे कॅमेरा योग्य जागी असेल. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर रक्त धारेने न येता फुसफुसतं. कलाकार बसला की कपड्याखालची नळी दुमडते. थंड सेटवर सिरप दाट होऊन मागे रेंगाळतं. बराच वेळ थांबल्यावर नळीच्या तोंडाशी ते सुकून बूच बसतं. टेकच्या आधी पंपवाला वारंवार नळीचं टोक बोटाने चाचपतो तो यासाठी. ते चाचपणंही शूट करा.

कॅमेऱ्यावर प्लास्टिकचं आवरण घाला, लेन्सला साधा पारदर्शक फिल्टर लावा. जमीन निसरडी होते, म्हणून ट्रायपॉडला वाळूची पिशवी बांधा. स्टंट, आग, शस्त्र किंवा स्क्विब (गोळी लागल्याचा भास देणारा छोटा स्फोटक) असेल तर फर्स्ट एडी, म्हणजे पहिला सहायक दिग्दर्शक, सुरक्षेच्या सूचना देतो, तेव्हा टीमसकट तिथे हजर राहा आणि त्या सूचनाही रेकॉर्ड करा. त्यानंतर आखलेल्या रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही. आतला अँगल हवाच असेल तर परवानगीने एक छोटा कॅमेरा आधीच लॉक करून ठेवा आणि तो गेला तर गेला, असं समजा.

धूर, थंडी आणि लखलखाट

धुराच्या यंत्राचा धूर लेन्सवर तेलकट पापुद्रा धरतो, दर तासाला पुसा. धुरात ऑटोफोकस चाचपडत राहतो, मॅन्युअलवर जा.

श्वासाची वाफ दिसावी म्हणून काही सेट खरोखर थंड करतात. १९७३च्या 'द एक्झॉर्सिस्ट'साठी मुलीची अख्खी खोलीच गोठणबिंदूच्या खाली नेली होती. अशा सेटवरून बाहेर येताना कॅमेरा आतच हवाबंद पिशवीत घाला आणि बाहेर तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सच्या आतही दव धरतं. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात. जादाच्या बॅटऱ्या अंगावरच्या कपड्यांच्या आतल्या खिशात ठेवा.

विजेचा लखलखाट दाखवणारे स्ट्रोब लावले असतील तर रोलिंग शटरमुळे (कॅमेरा फ्रेम वरून खाली ओळीओळीने टिपतो त्यामुळे) तुमच्या फ्रेमचा वरचा अर्धा भाग उजळ आणि खालचा काळा येऊ शकतो. कॅमेऱ्याची चूक समजून घाबरू नका. अशा फ्रेम एडिटिंगमध्ये काढून टाकता येतात, पण काढल्यावरही जोडता येईल एवढा शॉट लांब घ्या.

मुलाखती

शूटिंगच्या दिवसांत तीन-चार मिनिटांच्या छोट्या, काम सुरू असतानाच्या. लांब मुलाखती शूटिंग संपल्यावर, तास-दीड तासाच्या. 'अनुभव कसा होता' हा प्रश्न कुणालाही विचारू नका, त्याचं उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. हातात बिघडलेला तुकडा द्या आणि विचारा, 'हे कुठे फसलं?' डीओपीला शॉट थांबवून दाखवा आणि विचारा, 'हा कोपरा काळा ठेवायचं कधी ठरलं?' उत्तर देताना प्रश्नाचा धागा पकडून पूर्ण वाक्यात बोलायला सांगा, म्हणजे तुमचा आवाज कापता येतो. शेवटी त्या खोलीची तीस सेकंदांची निव्वळ शांतता रेकॉर्ड करा.

सिलिकॉन लावलेल्या कलाकाराला कॉलर माइक लावायला जागा नसते, आणि लावला तरी घासल्याचा आवाज येतो, बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, वापरा. किंचाळण्याचा किंवा मरणाचा प्रसंग करून आलेल्या माणसासमोर लगेच माइक धरू नका. वीस मिनिटं, पाणी, मग विचारा. मुलाखतीचं लाइटिंग साधं ठेवा. खालून निळा दिवा मारून तंत्रज्ञाला भुतासारखं दाखवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. ज्याने भीती घडवली त्याचा चेहरा नीट दिसू द्या, त्याच्या कामाला तेवढा मान आहे.

आवाज: जिथे बहुतेक मेकिंग पोहोचतच नाहीत

सेटवरचा सुरा रबराचा असतो, त्याला आवाज नसतो. हाड मोडतं ते सेलरी या भाजीचे देठ पिळून, पोटात सुरी जाते ती कलिंगडात, आतडी सरपटतात ती ओल्या कापडाच्या पिळ्यातून. वॉटरफोन हे रिचर्ड वॉटर्सने घडवलेलं वाद्य म्हणजे पाणी भरलेलं धातूचं भांडं आणि त्याच्या कडेने उभ्या सळया. सळ्यांवर व्हायोलिनचा गज फिरवून भांडं हलवलं की पाण्याबरोबर सूर घसरतो आणि अंगावर काटा येतो. हे बघायला मिळणं ही मेकिंगमधली खरी मेजवानी आहे.

फोली स्टुडिओत निःशब्द शांतता लागते. पंखा असलेला कॅमेरा नेऊ नका, लेन्सची मोटर वाजत असेल तर फोकस मॅन्युअल करा, बॅटरी बदलायची तर दोन टेकच्या मध्ये. आवाज तुमच्या माइकवरून न घेता फोली मिक्सरकडून थेट फाइल मागा, आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून घ्या म्हणजे नंतर जुळवता येईल. एडिटिंगमध्ये तोच तुकडा तीनदा दाखवा: आधी मूक, मग फोली कलाकाराचे हात आणि त्यांचा कोरडा आवाज, मग मिक्स झालेला अंतिम शॉट. तिसऱ्या वेळी प्रेक्षकाला सेलरी ठाऊक असते आणि तरी तो दचकतो.

डेटा आणि एडिटिंग

१०० मेगाबिट प्रतिसेकंद दराने एका तासाचे ४५ जीबी होतात. २४ दिवस, रोज दोन तास म्हणजे ४८ तास, सुमारे २.२ टीबी. तीन प्रती ठेवायच्या, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. म्हणजे साडेसहा टीबीची तयारी करून निघा. रोज रात्री वीस मिनिटं नोंदीला द्या: तारीख, सीन आणि टेक क्रमांक, कोण, काय बिघडलं. ही नोंद नसेल तर महिन्याभराने बारा तुकड्यांतला कुठला कधीचा, हे वर्कशॉपवाल्यांनाही सांगता येत नाही.

एडिटिंगला बसताना प्रत्येक इफेक्टची साखळी लावा: कागदावरचं रेखाटन, साचा, फसलेला प्रयत्न, टेस्ट, टेक, फोली, आणि सगळ्यांत शेवटी चित्रपटातला शॉट. अंतिम शॉट आधीच दाखवून मग कसा केला ते सांगितलं की ताण सुटतो. कारागिरीच्या दृश्यांखाली भीतीचं संगीत घालू नका. साच्यावर थापलेल्या प्लास्टरचा, ब्रशचा, नळीचा मूळ आवाज राहू द्या. दचकवण्याच्या युक्त्याही नकोत, ते काम चित्रपटाचं आहे. निवडलेल्या इफेक्टपैकी एखादा मधेच झाकून ठेवायची विनंती दिग्दर्शकाने केली तर ती माना. त्या जागी टीमचे चेहरे दाखवा, यंत्रणा नको.

कट लॉक करण्याआधी लखलखाटाची दृश्यं फ्रेम मोजून तपासा. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमगाट असतील तर फोटोसेन्सिटिव्ह अपस्मार असलेल्या प्रेक्षकाला झटका येऊ शकतो; तो भाग कापा किंवा मंद करा, आणि सुरुवातीला सूचना द्या. मग श्रेयनामावली वर्कशॉपच्या प्रमुखाला वाचायला द्या. साचे धुणाऱ्या, रक्त कालवणाऱ्या, पहाटे तीनला नळ्या स्वच्छ करणाऱ्या माणसांची नावं चित्रपटाच्या नामावलीत बऱ्याचदा सुटतात. त्यांची पूर्ण यादी त्याच्याकडेच असते.